गंजू द्यायच्या प्लेटा

चैत्र लागला की माझं बोट आपोआप खिडकीच्या गजावर फिरतं. इंदुरातल्या स्नेहलतागंजातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली दिवसभर रिक्षांची खडखड. बोटाला लागते ती धूळ, मऊ आणि कोरडी. मी ते बोट जिभेला लावून बघते आणि माझी मुलगी दरवर्षी तेच म्हणते, "मम्मी, प्लीज यार, हे काय करते तू?" मी तिला काही सांगत नाही. जिभेला मीठ लागलं नाही की मला बरं वाटतं आणि जरा चुकल्यासारखंही वाटतं, हे कॉलेजात जाणाऱ्या पोरीला कसं सांगायचं?

मी गंजाचा अंदाज बांधणारी बाई आहे. लोखंडाचा खांब, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, साधा एखादा बोल्ट समुद्राच्या हवेत उभा केला तर तो किती वर्षांत किती झिजेल, हे आधीच सांगणं हे माझं काम. नात्यातले लोक चेष्टा करतात. "सुजाता, आमच्या कूलरची पत्रिका बघ ना जरा," असं प्रत्येक लग्नात कोणीतरी म्हणतंच. समुद्रापासून इतक्या लांब, माळव्याच्या कोरड्या पठारावर बसून समुद्राच्या हवेचं भाकीत करायचं, यातली गंमत मलाही कळते. सियागंजातले एक हार्डवेअरवाले सेठजी आहेत, त्यांच्याकडून मी नमुन्याचे बोल्ट आणते. ते एकदा म्हणाले होते, "मैडमजी, इंदौर में लोहा मरता थोड़ी है, चोरी होता है बस." त्यांचं खरं आहे. आमच्या ऑफिसच्या गच्चीवर ठेवलेल्या प्लेटा वर्षभरानंही नुसत्या मळकट दिसतात.

ही पद्धत म्हटली तर अगदी साधी आहे. पोलादाच्या आणि जस्ताच्या पोस्टकार्डाएवढ्या प्लेटा कापायच्या, स्वच्छ करून नाजूक काट्यावर तोलायच्या आणि समुद्राकडे तोंड केलेल्या एका तिरक्या चौकटीवर वर्षभर उघड्यावर ठेवून द्यायच्या. वर्षानं उतरवायच्या, आम्लात बुडवून गंज सोडवायचा, पुन्हा तोलायच्या. जेवढं वजन कमी भरलं तेवढं हवेनं खाल्लं. शेजारी एका बाटलीत ओली वात उभी असते. वाऱ्याबरोबर येणारं मीठ त्या वातीत धरलं जातं, म्हणून दर महिन्याला ती बाटली बदलून आमच्याकडे पाठवायची. मग धातू किती तास ओला राहिला, मीठ किती आलं, गरमी किती होती, हे सगळं सूत्रात घालायचं आणि पहिल्या वर्षावरून पुढची वीस-तीस वर्षं सांगायची. पहिलं वर्ष चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. म्हणून अट एकच असते, मधल्या काळात प्लेटांना कोणी हात लावायचा नाही.

ती अट माझ्या वडिलांनी मोडली. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली, तरी चैत्र-वैशाख आले की मला ते चौकटीशेजारी बसलेले दिसतात.

बाबा फौजेत होते. आजोबाही होते. महूच्या आमच्या गल्लीत फौजेतलं कोणी नाही असं घर शोधावं लागलं असतं. बाबांची जवळजवळ सगळी नोकरी कोतात गेली. कोत म्हणजे पलटणीच्या बंदुका ठेवायची खोली. त्या पुसायच्या, तेल द्यायचं, मोजून ठेवायच्या, मोजून काढायच्या. सुट्टीवर आले की त्यांच्या बोटांना तो तेलाचा वास असायचा आणि आई म्हणायची, "हात धुवा, मगच भाकरीला हात लावा." आमच्या घरात लोखंडाची कोणतीही वस्तू कधी गंजली नाही. विळी, सांडशी, सायकलची चेन, शिलाई मशीनचं चाक. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की बाबा तेलाची चिंदी घेऊन बसत आणि घरातलं सगळं लोखंड एकेक करून त्यांच्यापुढे हजर होई. "जंग लागलं म्हणजे माणूस झोपला," हे त्यांचं वाक्य. माझ्या कंपासपेटीच्या बिजागरीला एकदा लाल डाग दिसला तर मला दोन दिवस बोलणी बसली होती.

अशा माणसाच्या पोटी गंज मोजणारी मुलगी यावी, हे त्यांना कधी नीट पटलं नाही. "म्हणजे तू लोखंड मुद्दाम गंजवते? आणि लोक तुला मॅडम म्हणतात?" असं ते गंभीरपणे विचारत.

आई गेल्यावर बाबा दादाकडे राहायला गेले. माझा दादा बँकेच्या नोकरीत, कोकणातल्या एका बंदराच्या गावी. घराच्या मागं उतार, उतार संपला की खडक, खडकांपलीकडे समुद्र. त्याच सुमारास आमच्याकडे एक काम आलं. त्या गावाजवळच्या कोळीवाड्यासाठी वादळ-निवारा बांधायचा होता. पोलादी सांगाडा, वर पत्र्याचं छप्पर. वादळ आलं की तीन-चारशे माणसांनी, म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी, तान्ह्या पोरांनी त्याखाली बसून राहायचं. त्या छपराला धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर जस्त किती जाड हवं, हे आम्ही सांगायचं होतं. जागा हवी होती, देखरेखीला माणूस हवा होता. बाबा फोनवर म्हणाले, "ड्यूटी मला दे. दिवसभर काय करू मी इथे, नारळ मोजू?"

मी जाऊन चौकट उभी केली, बाटली दाखवली, हात लावू नका म्हणून सांगितलं आणि परत आले. का लावायचा नाही, हे सांगायला मी पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. आपल्या घरच्या माणसाला काय समजावायचं, असं वाटलं असेल.

बाटल्या दर महिन्याला तारखेला येत. वर बाबांच्या गोल अक्षरात तारीख, वेळ, दस्तखत.

लोकांना वाटतं लोखंड पावसात गंजतं. समुद्राकाठी तसं नसतं. पाऊस उलट धातूवरचं मीठ धुऊन नेतो. खरा घातक ऋतू त्याच्या आधीचा, चैत्र आणि वैशाख. आकाश कोरडं असतं पण हवा ओली असते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो मीठ घेऊन येतो, पहाटे ते मीठ दव ओढून घेतं, उन्हात वाळतं, पुन्हा ओलं होतं. धुणारं कोणीच नसतं. इंदुरात त्याच दिवसांत कूलरच्या वाळ्याचा वास असतो, संध्याकाळी पठारावरची गार झुळूक असते आणि आम्ही सराफ्यात कुल्फी खात असतो. वर्षभराचं निम्मं नुकसान कधीकधी त्या दोन महिन्यांत होतं.

पहिलं वर्ष भरलं आणि प्लेटा इंदुरात आल्या. वर गंज होता, बघायला सगळं ठीक. आम्लातून काढून तोलल्या तर वजन जेमतेम घटलेलं. माझ्या सूत्रानं सांगितलं होतं त्याच्या निम्मंही नाही. वातींमध्ये मात्र मीठ भरपूर होतं. मी पंधरा दिवस स्वतःलाच बोल लावत राहिले, आकडे पुन्हा पुन्हा घातले, काटा तपासला. आमचे दुबेजी, म्हणजे ऑफिसचे प्रमुख, खूश होते. "अच्छी खबर है, मैडम. किनारा उतना खराब नहीं जितना आप डरा रही थीं." ज्यांच्यासाठी काम चाललं होतं त्यांचंही पत्र आलं. पातळ मुलामा चालेल, साधे बोल्ट चालतील, लवकर अहवाल द्या.

अहवालात लावायला फोटो हवे होते म्हणून मी त्यांच्याकडून मागवले. त्यात एक फाल्गुनातला होता. त्यांचे साहेब लोक जागा बघायला गेले होते तेव्हाचा. मधोमध बाबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर मेडलं, सावधान उभे. चौकटीभोवतीच्या दगडांना चुना आणि गेरू लावलेला, पलटणीच्या दारात लावतात तसा. आणि त्यांच्या मागं, समुद्राकाठी पाच महिने काढलेल्या माझ्या सगळ्या प्लेटा लखलखत होत्या.

मी फोन केला.

"जय भीम, बाबा. साहेब लोक आले होते तेव्हा प्लेटा पुसल्या होत्या का?"

"मग? इन्स्पेक्शन होतं, बेटा. साहेब इतक्या दुरून येणार आणि तुझ्या नावाचं सामान असं लालभडक? फौज में ऐसा नहीं चलता. घासल्या, तेलाचा हलका हात दिला. साहेब म्हणाले, मेंटेनन्स बहोत बढ़िया है."

"एकदाच?"

"परत येतो म्हणाले होते ना. म्हणून दर रविवारी देत गेलो. बारिश लागली तेव्हा बंद केलं. बारिशमध्ये कोण येतं?"

"मी हात लावू नका म्हटलं होतं, बाबा."

"ते मला याद आहे. पण ते रोजच्यासाठी झालं. इन्स्पेक्शन वेगळं असतं."

मी मग जे वर्षापूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. तेलाखाली धातू सुरक्षित राहतो, वाईट दोन महिने तसेच निघून गेले, त्यामुळे आकडा लहान आला, त्या आकड्यावर बोल्ट ठरणार, बोल्टांवर छप्पर. ते शेवटी म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे खोटा आकडा आला."

"हो, बाबा."

दुबेजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला खुर्ची दिली. "देखिए, इतना ही लिख दीजिए कि नमूने मौसम से खराब हुए. पिताजी का नाम बीच में क्यों लाना?" मलाही दोन दिवस तेच बरं वाटत होतं. पण काम देणाऱ्या लोकांना लहान आकडा आवडला होता, आणि आवडलेला आकडा कोणी सहज सोडत नाही. हवामानानं बिघडलं म्हटलं असतं तर त्यांनी वातींनाही बिघडलेलं ठरवलं असतं आणि पातळ मुलामाच धरून ठेवला असता. आकडा परत घ्यायचा तर काय झालं, कोणी केलं, कोणतं तेल, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं लिहावं लागणार होतं. मी लिहिलं. देखरेख करणाऱ्याचं नाव लिहिलं, तो माझा बाप आहे हे लिहिलं, त्यांना कारण समजावून न सांगण्याची चूक माझी आहे हेही लिहिलं. लिहिताना लाज वाटत होती, आणि रागही आला होता. कोणाचा, ते आजही धड सांगता येणार नाही.

दादानं अहवाल बाबांना मराठीत वाचून दाखवला. नंतर मला म्हणाला, "सगळं ऐकून घेतलं त्यांनी. एवढंच विचारलं, माझं नाव लिहिलंय का. मी हो म्हटलं. मग मला म्हणाले, चोवीस साल की सर्विस, लाल शाईची एक एंट्री नाही. आणि उठून गेले."

फौजेत शिक्षा झाली की ती माणसाच्या कागदांवर लाल शाईनं लिहितात. बाबांच्या कागदांवर ती कधीच नव्हती, हे आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती मी लिहिली. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले.

चिडचिड करत का होईना, त्या लोकांनी आणखी एक वर्ष दिलं. दादा म्हणाला, चौकट दुसरीकडे हलव, त्यांना त्रास होतो ती बघून. दुबेजींनाही तेच वाटत होतं. मी नाही म्हटलं. चौकट तिथेच राहील आणि बाबाच बघतील. त्यांनी चूक केली होती पण मी विचारल्यावर एका दमात सांगितली होती, एक अक्षर लपवलं नव्हतं. या कामाला याहून चांगला माणूस मला मिळाला नसता. हे मी दुबेजींना सांगितलं, दादाला सांगितलं. बाबांना सांगायचं राहिलं, कारण ते फोनवर येत नव्हते. बाटल्या मात्र तारखेला येत राहिल्या.

वैशाखात मी आठ दिवस तिकडे गेले. सांगायचं ते तोंडावर सांगू, असा विचार होता.

त्या आठ दिवसांची हवा मला अजून अंगावर आठवते. कपडे वाळत नव्हते, नुसते गरम होत होते. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलेलं, पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ. फणसाचा गोड, जड वास सगळ्या घरात. दुपारी तीन वाजले की वारा उठायचा आणि खिडकीची कडी हाताला चिकट लागायची. बाबा दारात येऊन मला बघून आत गेले होते, "ये" एवढंही न म्हणता. ताट वाढलं की मुकाट्यानं जेवत. बाजारातून माझ्यासाठी आंबे आणत आणि वहिनीच्या हातात देत, माझ्या नाही.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते मागच्या उतारावर जाऊन बसत. चौकटीपासून हातभर अंतरावर एक दगड होता, त्यावर. मी पहिल्या दिवशी खिडकीतून बघितलं आणि मला कळेना ते असे अवघडून का बसलेत. मग दिसलं. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. समोर प्लेटा गंजत होत्या. पोलादाच्या प्लेटांना आधी पिवळे ठिपके आले होते, मग त्यांचे डाग झाले, आता खपल्या सुटायला लागल्या होत्या. जस्तावर पांढरी भुकटी होती. ज्या माणसानं जन्मभर लोखंडावरचा एवढासा डाग सहन केला नाही, तो महिनोन्महिने रोज संध्याकाळी तिथे बसून ते बघत होता. मी खिडकीतच उभी राहून रडले.

वैशाखी पौर्णिमेला वहिनीनं खीर केली. समुद्राला उधाण होतं, लाटांचा तुषार उतारापर्यंत येत होता. मी दोन वाट्या घेऊन मागं गेले आणि दगडाशेजारी खाली बसले. त्यांनी वाटी घेतली.  सांगायचं म्हणून आणलेली सगळी वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

मग ते समुद्राकडे बघतच म्हणाले, "खालच्या बाजूला जास्त आहे."

"काय?"

"गंज. वाकून बघ. वर कमी, खाली जास्त."

मी वाकून बघितलं. प्लेटांच्या खालच्या बाजूला खपल्या दुप्पट जाड होत्या. "तिकडे पाणी लागत नाही ना, बाबा," मी म्हटलं. "वरचं मीठ थोड्याशा सरीनंही धुतलं जातं. खालचं तसंच राहतं."

त्यांनी वाटी संपवली. "छपराचे बोल्ट तर सगळे खालच्याच बाजूला असणार," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

आठ दिवसांत ते माझ्याशी एवढंच बोलले. मी आणलेली वाक्यं परत घेऊन आले. पण इंदुरात आल्यावर मी पहिलं काम केलं ते दादाला सांगून त्या चौकटीशेजारी एक लहानसं छप्पर घालून घेतलं आणि त्याखाली, जिथे पाऊस पोचणार नाही तिथे, काही बोल्ट टांगायला पाठवले. अशी सोय आम्ही आधी केली नव्हती. करायला हवी, हे पुस्तकात वाचलेलं असूनही मला सुचलं नव्हतं. त्या बोल्टांना बाबांनीच चिठ्ठ्या बांधल्या.

निवारा आता उभा आहे. दादा सांगतो, गेल्या पावसाळ्यात दोन रात्री माणसं तिथे राहिली, पोरं पत्ते खेळली. मी तो अजून बघितलेला नाही. तिकडे जायचं म्हटलं की काहीतरी काम निघतं.

दुसरं वर्ष भरलं तेव्हा बाबा इस्पितळात होते. श्वास पुरत नव्हता. प्लेटा आणि बोल्ट दादानं उतरवून पाठवले, आणि तोच निरोप देत होता की लवकर ये. माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन सगळं आम्लात घातलं, धुतलं, वाळवलं, तोललं. आधी जायचं सोडून तोलत काय बसलीस, असं मला नंतर कोणीतरी विचारलंही. उघड्यावरच्या प्लेटांचा आकडा सूत्राच्या जवळ आला. छपराखालच्या बोल्टांना तर अर्धं वर्षही पुरं मिळालं नव्हतं, आणि तरी ते प्लेटांहूनही जास्त झिजले होते.

मी दादाला फोन लावला आणि म्हटलं, त्यांच्या कानाला धर.

"बाबा, वजन झालं."

पलीकडे श्वासाचा आवाज. मग, "बोल."

मी आकडे सांगितले. आधी पोलाद, मग जस्त, मग छपराखालचे बोल्ट. ते ऐकताहेत की नाही कळत नव्हतं. तोललेल्या प्लेटा माझ्यासमोर टेबलावर ओळीनं पडल्या होत्या.

"आणि माझ्या त्या वर्षाच्या आकड्यावर बोल्ट बसवले असते तर?" त्यांनी थांबत थांबत विचारलं.

"थोड्या वर्षांत गेले असते, बाबा. छप्पर उडालं असतं."

  मग बाबा वर्षभरानंतर पहिल्यांदा माझं नाव घेऊन बोलले.

"सुजाता, बरं केलंस माझं नाव लिहिलंस ते."